स्मास की डीप प्लेन? फेसलिफ्ट ठरवण्याआधी चेहऱ्याचे थर समजून घ्या

गेल्या महिन्यात माझी धाकटी जाऊ फेसलिफ्टसाठी, म्हणजे ओघळलेला चेहरा उचलून घेण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, दोन दवाखान्यांचे कागद घेऊन आली. वय चोपन्न. एका ठिकाणी ‘स्मास प्लायकेशन’ सुचवलं होतं, दुसरीकडे ‘डीप प्लेन फेसलिफ्ट’, आणि दोन्हींच्या खर्चात बराच फरक. “ताई, तुम्ही जन्मभर पोरांना हेच शिकवलंत. यातलं कोणतं करू?” मी शरीररचनाशास्त्राची शिक्षिका, सर्जन नव्हे. पण या दोन शस्त्रक्रियांमधला फरक मुळात शरीररचनेचा आहे, म्हणून तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

आमच्याकडच्या गोधडीसारखे चेहऱ्याचे थर असतात. वर त्वचा. तिच्याखाली चरबी, तीही सलग नसते, कप्प्याकप्प्यांत असते. तिसरा थर स्मास, म्हणजे स्नायू आणि तंतूंचा एक चिवट पडदा. फ्रान्समधल्या मिट्झ आणि पेरोनी यांनी १९७६ साली त्याचं वर्णन केलं. खाली तोच मानेच्या प्लॅटिस्मा स्नायूत मिसळतो, त्यामुळे जबडा आणि मान एकत्रच ओघळतात. चौथा थर सैल, आणि सगळ्यांत तळाशी हाड व त्यावरचं आवरण. गोधडीचे थर धावदोऱ्याने एकमेकांना धरलेले असतात, तसे चेहऱ्यातही बंध असतात. गालाच्या हाडापासून, चावण्याच्या स्नायूच्या पुढच्या कडेपासून, जबड्यापासून निघून ते त्वचेपर्यंत पोहोचतात. गालाच्या या बंधांचं नीट वर्णन अमेरिकेतल्या फर्नस यांनी १९८९ साली केलं. टाका असतो तिथे गोधडी जागा सोडत नाही, दोन टाक्यांच्या मधला भाग मात्र लोंबतो. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारी घडी आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे जबड्यावरचे फुगवटे बंध जिथे अडवतात तिथेच उठून दिसतात.

पूर्वीचे फेसलिफ्ट फक्त त्वचा ओढत. अस्तर सैल सोडून वरचं कापड ताणल्यासारखं ते होतं. त्वचा पुन्हा सैल पडायची, आणि ताण कानाजवळच्या व्रणावर येऊन कानाची पाळी खाली ओढली जायची. म्हणून नुसती त्वचा ओढणारी शस्त्रक्रिया कोणी सुचवली तर सरळ नाही म्हणा.

आता मुख्य दोन पर्याय. स्मास प्लायकेशनमध्ये सर्जन त्वचा बऱ्याच भागात सोडवून घेतो आणि स्मासला वरूनच चुणी घालून टाके मारतो. स्मासच्या खाली तो उतरत नाही. चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या नसेच्या (मज्जातंतूच्या, रक्तवाहिनीच्या नव्हे) पाच शाखा त्याखाली असतात, त्यामुळे त्यांच्यापासून तो अंतर राखून असतो. वेळ कमी लागतो, सूज लवकर उतरते, जबड्याची रेघ चांगली सुधारते. मर्यादा एवढीच की बंध जागच्या जागी राहतात. धावदोरा न उसवता गोधडीचं टोक ओढलं तर ओढ पहिल्या टाक्यापाशी थांबते. तसंच गालाच्या मध्यभागापर्यंत, त्या ओठाजवळच्या घडीपर्यंत ही ओढ कमीच पोहोचते.

डीप प्लेनमध्ये त्वचा थोडीच सोडवतात. साधारणपणे डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंतच्या रेषेवर स्मासमधून खाली जातात आणि तिथून पुढे त्वचा, चरबी, स्मास एकत्र उचलतात. गालाचे आणि चावण्याच्या स्नायूवरचे बंध मोकळे करतात. मग तो सगळा थर एकसंध वर सरकतो. सॅम हॅम्रा यांनी हे तंत्र १९९० साली मांडलं, आणि त्यांच्या आधी स्वीडनमध्ये स्कूग यांनी अशा खोल थराची वाट दाखवली होती. ताण त्वचेवर न येता स्मासवर येतो, म्हणून चेहरा ओढल्यासारखा दिसत नाही. शिवाय उचललेला पदर, म्हणजे एका कडेने शरीराला जोडलेला हा थर, जाड राहतो आणि त्याला रक्त चांगलं मिळतं. रक्तपुरवठा जपलेला पदर जगतो, हे आपल्याकडे फार जुनं ज्ञान आहे. पुण्याजवळ कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीचा असाच जिवंत पदर वळवून नव्याने बसवलं गेलं, आणि १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ते छापून आल्यावर युरोपचे सर्जन चकित झाले.

डीप प्लेनची जोखीम नसेची. कानापुढच्या लाळेच्या, म्हणजे पॅरोटिड ग्रंथीच्या आत या शाखा सुरक्षित असतात. ग्रंथीच्या पुढच्या कडेतून बाहेर आल्या की पातळ आवरणाखाली, म्हणजे सर्जनच्या कात्रीच्या अगदी जवळ येतात. सुदैवाने गालातून ओठाकडे जाणाऱ्या मोठ्या स्नायूत नस खालच्या बाजूने शिरते, म्हणून त्याच्या वरच्या पृष्ठभागावर काम करता येतं. हे विच्छेदनाच्या टेबलावर शिकवताना मी पोरांना दहादा दाखवते. तात्पुरता अशक्तपणा येऊ शकतो. कायमची इजा जाणत्या हातात शंभरात एकाहून कमी. जास्त वेळा दुखावते ती मानेवरून कानाकडे जाणारी संवेदनेची नस, आणि ती दोन्ही पद्धतींत. तिला इजा झाली तर कानाची पाळी बधिर राहते.

टिकण्यात मोठा फरक पडतो का? अमेरिकेत चार नामांकित सर्जननी एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्यांवर आपापल्या तंत्राने फेसलिफ्ट केलं आणि दहा वर्षांनंतरचे निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. चार तंत्रं, चौघंही तयारीचे हात, आणि एकच पद्धत इतरांना मागे टाकून गेली असं झालं नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्या सर्जनचा हात स्मासवर बसलेला आहे, त्याच्याकडून डीप प्लेन मागू नका. गालाचा मध्यभाग जड होऊन उतरला असेल आणि हे काम नेहमी करणारा सर्जन मिळाला, तर मी डीप प्लेन निवडेन. फक्त जबडा आणि मान सैल असेल तर स्मास पुरेसं आहे.

पण त्याआधी एक करून पाहा. पाठीवर झोपून वर आरसा धरा. जे ओघळलं आहे ते अशा वेळी जागेवर जातं, आणि जे आटलं आहे तो खड्डा तसाच राहतो. चरबीचे कप्पे आटणं आणि डोळ्याखालचं हाड झिजणं कुठल्याही फेसलिफ्टने भरत नाही. तिथे पोटाची किंवा मांडीची चरबी भरणं उपयोगी. फिलर, म्हणजे सुईने भरायचं जेलही चालतं, पण ते काही महिन्यांनी विरतं, आणि चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते. जावेचं तेच निघालं. तिच्या डोळ्याखालचा खड्डा झोपल्यावरही गेला नाही. तिला आधी त्याविषयी विचारायला हवं होतं.

दोन्ही शस्त्रक्रियांत सर्वांत नेहमीची गुंतागुंत म्हणजे त्वचेखाली रक्त साचणं, आणि ते बहुधा पहिल्या चोवीस तासांत होतं. रक्तदाब आधी आटोक्यात हवा. पुरुषांत हे जास्त होतं. तंबाखू, मिश्री, सिगारेट निदान महिनाभर आधी बंद; निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात आणि कानामागची त्वचा काळी पडू शकते. कान टोचल्यावर कधी गाठ आली असेल तर तेही न लपवता सांगा. आपल्या त्वचेवर व्रण जाड किंवा काळसर होण्याची शक्यता गोऱ्या लोकांपेक्षा जास्त असते.

सर्जनची एमसीएच किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) प्लास्टिक सर्जरी ही पदवी आणि राज्य वैद्यकीय परिषदेची नोंदणी तपासा. आणि सल्ल्याला जाताना केस रोज बांधता तसेच बांधून जा, अंबाडा असेल तर अंबाडा, कानात रोजचीच कर्णफुलं. छेद कानापुढून निघून पाळीखालून वळतो आणि कानामागून केसांत जातो. तुमचा कान आणि मान रोज किती उघडी दिसते ते पाहिल्याशिवाय त्याची जागा कोणी आखू नये.