फाल्गुनराव की संशयकल्लोळ? हौशी मंडळाने गद्य बसवावं की संगीत

गणपती उठले की मला दोन-तीन फोन ठरलेले. एखादी विश्रामबागेतली सोसायटी, एखादा निवृत्त शिक्षकांचा गट, कधी मिरजेतली नुकतीच नोकरीला लागलेली पोरं. "काका, यंदा नाटक बसवायचं नक्की. संगीत घेऊ की गद्य?" माझी पात्रता एवढीच की हौशी नाटकांत तीस वर्षं मी विंगेत वही धरून उभा आहे. प्रॉम्प्टरला नाटक बाजूनं दिसतं. समोरून जे खपून जातं ते तिथून खपत नाही.

सांगलीत हा प्रश्न उगाच अवघड होतो, कारण गावाचा अभिमान मध्ये येतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते इथं, 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याचाच, खाडिलकर इथले, देवल हरिपूरचे. मग बैठकीत कुणीतरी उठून म्हणतंच, "सांगलीनं संगीत सोडायचं म्हणजे काय?" टाळ्या पडतात, भडंग संपतं, आणि पेटी कोण वाजवणार हे न ठरवताच सगळे घरी जातात.

एकच नाटक, दोन रूपं

तुलना करायची तर देवलांनीच सोय करून ठेवली आहे. 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे त्यांचं 1893 चं गद्य नाटक. मूळ मोलियेरचं, मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून मराठीत आलेलं. पुढं त्यातच पदं घालून 'संशयकल्लोळ' झालं आणि गंधर्व नाटक मंडळीनं ते 1916 मध्ये रंगमंचावर आणलं. देवल त्याच वर्षी गेले. कथा तीच, माणसं तीच, फक्त एकात गाणं आहे आणि एकात नाही.

आता यातला तसबिरीचा प्रसंग घ्या. अश्विनशेठची प्रेयसी रेवती हिला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि ती निरखत असताना फाल्गुनराव मागून येतो. बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर! संशय इथून सुटतो तो शेवटापर्यंत थांबत नाही. हा सगळा खेळ पावलांचा आणि नजरेचा आहे. फाल्गुनराव दोन पावलं लवकर आला की हशा गेला, उशिरा आला तर कृत्तिका बिचारी तसबिरीकडे किती वेळ बघणार? आमच्या पहिल्या प्रयोगात तसबीर इतकी लहान होती की पाचव्या रांगेच्या मागं कुणाला कळेना ही बाई तळहाताकडे बघून का लाजते आहे. दुसऱ्या दिवशी पोस्टकार्डाएवढी चौकट केली, कडेला सोनेरी कागद लावला, आणि तोच प्रसंग उचलला गेला.

सांगायचं कारण, हा प्रसंग दोन्ही रूपांत तेवढाच अवघड आहे. संगीत घेतलं म्हणजे गद्यातून सुटका, असं होत नाही. गद्य जसंच्या तसं राहतं आणि त्याच्या डोक्यावर गाणं येऊन बसतं. हे न कळल्यानं अनेक मंडळं दोन महिने पदंच घोटतात आणि उभी तालीम शेवटच्या आठ दिवसांत उरकतात. मग अश्विनशेठ गातो सुरेख आणि गाणं संपलं की हात कुठं ठेवावेत ते त्याला समजत नाही.

गाणं कुठं तारतं, कुठं मारतं

गद्य नाटकात नट वाक्य विसरला की ती तीन सेकंदं विंगेतून मला तीन मिनिटांसारखी वाटतात. मी कुजबुजतो, पहिल्या रांगेला माझा आवाज जातो, नट घाबरून पुढच्याचं वाक्य म्हणतो. संगीतात विसरलेला गायक निवांत एक आलाप घेतो. पेटीवाला हुशार असेल तर त्याच्यामागं जातो, लोक मान डोलावतात, तेवढ्यात ओळ आठवते. एकदा तर अशा विसरण्याला वन्समोअर मिळालेला मी पाहिला आहे.

दिग्दर्शक कच्चा असेल तरी संगीत नाटक पदांवर निघून जातं. गद्य निघत नाही. म्हणून तुमच्याकडे चांगला दिग्दर्शक असेल आणि गाणारे नसतील तर चर्चा नकोच, गद्य घ्या. उलट असेल तर संगीताचा विचार करा. दोन्ही नसेल तर यंदा सहल काढा.

मारण्याची बाजू सुराची. नाटकात पुरुष आणि स्त्री एकाच पट्टीत, म्हणजे पेटीवरच्या एकाच स्वराला 'सा' धरून, गात नाहीत. आमचा अश्विनशेठ काळी एकचा, रेवती काळी चारची. पेटीवाला पट्टी बदलू शकतो, तबलजीला मात्र दोन तबले लावून ठेवावे लागतात आणि पदागणिक हाताखालचा तबला बदलावा लागतो. आमच्या एका प्रयोगात त्याच्या लक्षात राहिलं नाही. अश्विनशेठ स्वर लावून उभा आणि तबला रेवतीचा. चार मात्रांतच चूक कळली, पण ते पद शेवटपर्यंत सावरलं नाही. आणि आपल्याकडचा पावसाळा लक्षात घ्या. ऑगस्टमध्ये नदीकाठच्या गावभागात तालीम असली की कातडं सर्दावतं, स्वर उतरतो, तबलजीचा अर्धा वेळ हातोडीनं गट्टे ठोकण्यात जातो. गद्यवाल्यांना यातलं काहीच नाही. छत्री झटकली की तालीम सुरू.

ऑर्गन ही आणखी एक गोष्ट. पायानं भाता मारायची ती पायपेटी, तिचा भरीव स्वर नाट्यपदाखाली असला की साधा गळाही मोठा वाटतो. पण ती वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मिरज जवळ आहे, सतारी आणि तानपुरे करणारी घराणी तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, साज दुरुस्त करून मिळेल. साथीला बसणारा माणूस मात्र गल्लीत विकत मिळत नाही. काही जण रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गातात. माझं मत विचाराल तर तसं करण्यापेक्षा गद्य करा. ट्रॅक थांबत नाही. प्रेक्षक हसला, टाळी पडली, नट अडखळला, तरी तो आपला पुढं जातो.

संगीतच घ्यायचं तर कुठलं

सगळी संगीत नाटकं सारखी जड नाहीत. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त दोनशेच्या आसपास पदं, ते तसंच्या तसं आज हौशी मंडळानं करणं शक्यच नाही. खाडिलकरांचं 1911 चं 'मानापमान' मोहात पाडतं. त्याला गोविंदराव टेंब्यांच्या चाली आहेत आणि प्रेक्षकांना निम्मी पदं पाठ असतात. हाच त्याचा धोका. नायिका भामिनीनं तान घेतली की समोरचे आजोबा मनातल्या मनात बालगंधर्वांची रेकॉर्ड लावतात आणि तुमची शेजारची कुलकर्णी वहिनी नापास होते. ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी करा.

'शारदा' 1899 ची. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी पोरीचं लग्न लावू पाहणारा बाप ही गोष्ट आजही बसते. अडचण पात्रांची. शारदा आणि तिच्या मैत्रिणी खरोखर पोरसवदा दिसल्या पाहिजेत आणि गायल्याही पाहिजेत. पन्नाशीची शारदा मी पाहिली आहे, भुजंगनाथ तिच्यापेक्षा तरुण दिसत होता. जवळपास संगीत विद्यालय असेल आणि चार मुली मिळत असतील तर मात्र 'शारदा' घ्याच, पालकांमुळे निम्मं नाट्यगृह आधीच भरतं. (1929 च्या शारदा कायद्याचा या नाटकाशी काही संबंध नाही, तो हरविलास शारदा यांच्या आडनावावरून. दर प्रयोगाला कुणीतरी विचारतं म्हणून सांगून ठेवतो.)

पहिल्यांदा करणाऱ्यांना मी 'संशयकल्लोळ'च सांगतो. गाण्याचं मुख्य ओझं अश्विनशेठ आणि रेवतीवर. फाल्गुनराव हा मुळात विनोदी नटाचा, त्याला तालमीत कणसूर म्हणून बाजूला बसवलेला माणूस उत्तम शोभतो. नऊवारी, पगड्या, उपरणी भाड्यानं मिळतात, नेपथ्याला एक घर आणि एक रस्ता पुरतो.

पैसा आणि परवानगी

इथं जुन्या संगीत नाटकांची बाजू सरळसरळ वरचढ. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क चालतात. किर्लोस्कर 1885 मध्ये गेले, देवल 1916 मध्ये, खाडिलकर 1948 मध्ये. त्यांच्या संहितांना मानधन लागत नाही. अत्रे 1969 मध्ये गेले, म्हणजे 2029 संपेपर्यंत परवानगी हवी. 1964 चं 'मत्स्यगंधा' किंवा 1967 चं 'कट्यार काळजात घुसली' ही 'जुनी' म्हणून फुकट समजू नका. कानेटकर आणि दारव्हेकर दोघांचेही हक्क चालू आहेत, आणि अभिषेकीबुवांच्या चालींचेही. नवं गद्य नाटक घेतलंत तर लेखकाला आधी फोन, मग लेखी परवानगी, मग मानधन. संहिता तुमच्याच कुणी लिहिली असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र तिकीट छापण्याआधी हातात हवं.

मात्र मानधनात वाचलेला पैसा संगीतात दुसऱ्या दारानं जातो. साथीदारांना प्रयोगाचेच नव्हे, शेवटच्या आठ-दहा तालमींचेही द्यावे लागतात आणि ते योग्यच आहे. माझ्या हिशोबवहीत संगीत प्रयोग कधीच गद्यापेक्षा स्वस्त पडलेला नाही. वेळेचंही तसंच. गद्याला दीड महिना पुरतो, संगीताला चार धरा. शिवाय काटछाट करूनही ते तीन तास चालतं, आणि साडेनऊचा प्रयोग असला की माधवनगरचे प्रेक्षक भरतवाक्याच्या, म्हणजे शेवटच्या पदाच्या, आधीच चपला शोधू लागतात.

राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर हौशी गद्य आणि संगीत या स्पर्धा वेगळ्या आहेत. गद्यात गर्दी जास्त, संगीतात संस्था कमी. त्यावरून काही हुशार मंडळी संगीताकडे वळतात. परीक्षकांना हे कळत नाही असं समजू नये.

एकांकिकेबद्दल एवढंच: सगळे विशी-पंचविशीचे असाल तर आधी ती करा.

भाव्यांची युक्ती

आणि एक तिसरी वाट आहे, ती मला फार उशिरा सुचली. भाव्यांच्या खेळात सगळी पात्रं गात नव्हती. पदं सूत्रधार म्हणायचा, पात्रं आपापलं भाषण आयत्या वेळी करायची. नटानं स्वतःची पदं स्वतः म्हणायची हे किर्लोस्करांनी 1880 मध्ये 'शाकुंतला'त रूढ केलं. म्हणजे ज्या गावात नाटक सुरू झालं तिथं ते एकाच गळ्यावर सुरू झालं होतं.

आमच्याकडे एक वर्ष गाणारी एकच बाई होती, पण ती खरी गाणारी. गद्य नाटक घेतलं, तिला रंगमंचाच्या कोपऱ्यात पेटीवाल्याशेजारी बसवलं, नांदी आणि प्रवेशांमधली चार पदं तिच्याकडून घेतली. एकच पट्टी, एकच तबला. पट्टी चुकायची सोयच उरली नाही. काही जुन्या प्रेक्षकांनी नाकं मुरडली, "हे ना धड गद्य ना संगीत." मला ते आमच्या सगळ्यांत नीट बसलेल्या नाटकांपैकी एक वाटतं.

तर पुढच्या बैठकीत संहिता वाचायला घेऊ नका. प्रत्येकाकडून पेटीवर एक पद आणि एक पानभर संवाद म्हणून घ्या. दोन्ही जमणारे एक पुरुष आणि एक बाई निघाली तर 'संशयकल्लोळ', एकच निघाली तर तिला कोपऱ्यात बसवा, कुणीच नाही तर गद्य. आणि संगीत ठरलंच तर नाट्यगृहाची तारीख घेण्याआधी ऑर्गनवाल्याला फोन करा. दिवाळी झाली की त्याच्या रविवारांवर आधीच चार मंडळांची नावं पडलेली असतात.