फी भरण्याआधी हे वाचा: स्वस्त ऑनलाइन एनपी पदवीच्या नावाने आम्हाला कसं फसवलं

अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत नर्स) म्हणून नोकरी करणाऱ्या आणि पुढे नर्स प्रॅक्टिशनर (एनपी), म्हणजे स्वतः रुग्ण तपासून औषध लिहून देणारी नर्स, व्हायचं मनात असलेल्या आपल्या माणसांसाठी हे लिहिते आहे. कमी फीच्या ऑनलाइन एनपी पदवीचं आमिष दाखवून एका संस्थेने माझ्यासकट कितीतरी नर्सेसना लुबाडलं. तक्रारी अजून चालू आहेत, म्हणून संस्थेचं नाव घेत नाही. पण तिची कामाची पद्धत जमेल तेवढी उलगडून सांगते, कारण असली दुकानं नाव बदलून पुन्हा उभी राहतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ऑनलाइन एनपी शिक्षण मुळात खोटं नाही. कितीतरी चांगली विद्यापीठं थिअरी ऑनलाइन शिकवतात, क्लिनिकल तास तुमच्या जवळच्या दवाखान्यात करून घेतात आणि तिथून शिकलेले एनपी उत्तम काम करतात. माझ्या फ्लोअरवरच्या दोघी अशाच शिकल्या. बारा तासांची शिफ्ट आणि घर सांभाळून शिकायचं तर दुसरा मार्गही नसतो. अडचण फीची आहे. नावाजलेल्या ठिकाणी पदवी हातात पडेपर्यंत खर्च सहज तीस-चाळीस हजार डॉलरच्या वर जातो. इकडे घराचा हप्ता, तिकडे आईवडिलांना पाठवायचे पैसे. या लोकांनी नेमकी तीच नस पकडली.

जाहिरातीत फोन नंबर भरला आणि तासाभरात फोन आला. पलीकडची बाई स्वतःला ॲडमिशन ॲडव्हायझर म्हणवत होती. पूर्ण फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरची पदवी चौदा हजार डॉलरच्या आत, तीही हप्त्यांनी. मालकाकडून मिळणारं शिक्षणसाहाय्य वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि हप्ते तिने त्याच हिशेबात बसवून दाखवले. माझं शिक्षण भारतातलं आहे म्हटल्यावर ती आणखी मोकळी झाली. परदेशी पदव्या पडताळणाऱ्या सीजीएफएनएसचा अहवाल नको, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मागवायला नको, तुमचं आरएन लायसन्स हाच पुरावा. एनक्लेक्सच्या, म्हणजे आरएन लायसन्सच्या परीक्षेच्या, वेळी हीच कागदपत्रं मिळवताना ज्यांच्या घरच्यांनी खेटे घातले आहेत, त्यांना हे ऐकून किती हायसं वाटेल ते तीही जाणून होती. मास्टर्सला प्रवेश देणारी संस्था तुमची आधीची पदवी तपासायलाच तयार नसेल, तर तिथून उठून जा. खरं विद्यापीठ ट्रान्सक्रिप्टशिवाय अर्ज पुढे सरकवत नाही.

मान्यतेबद्दल मी पहिल्याच फोनवर विचारलं आणि नंतर ईमेलवरही. दोन्ही वेळा 'फुली ॲक्रेडिटेड' असं उत्तर मिळालं. खरी मेख इथे होती, म्हणून इथे जरा थांबते.

अमेरिकेत एनपी शिक्षणाला तीन निरनिराळ्या परवानग्या लागतात आणि एकीने दुसरीचं काम होत नाही. पहिली मान्यता पूर्ण विद्यापीठाची. ती देणारी संस्था केंद्रीय शिक्षण खात्याने किंवा मान्यता मंडळांना पारखणाऱ्या 'चिया' या संस्थेने मानलेली असावी लागते. दुसरी खास नर्सिंगच्या अभ्यासक्रमाची, जी सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन सीएनईए यांच्याकडून येते. तिसरी परवानगी राज्याची: तुम्ही ज्या राज्यात बसून शिकता आणि रुग्ण तपासता, तिथे त्या परराज्यातल्या संस्थेला विद्यार्थी घेण्याची आणि क्लिनिकल करून घेण्याची मुभा आहे का. वॉशिंग्टनसारखं राज्य तर परराज्यातल्या अभ्यासक्रमाला क्लिनिकलसाठी नर्सिंग बोर्डाची वेगळी मंजुरी घ्यायला लावतं.

आमच्या संस्थेच्या पानावर जो सोनेरी शिक्का होता, तो एका भारदस्त नावाच्या मान्यता मंडळाचा होता. हे मंडळ शिक्षण खात्याच्या यादीत नाही, चियाच्याही नाही. विद्यापीठ काढणाऱ्यांनी मंडळही आपल्याच सोयीने शोधलेलं. नर्सिंगच्या मान्यतेबद्दल लिहिलं होतं, 'अभ्यासक्रम सीसीएनईच्या मानकांनुसार आखलेला आहे'. वाक्य खोटं आहे असं कुणी सिद्ध करू शकणार नाही आणि त्यातून मान्यता तर मुळीच मिळत नाही. फोनवर मात्र ती बाई पुढे जाऊन म्हणाली, "अर्ज केलेला आहे, तुमची बॅच बाहेर पडेपर्यंत होऊन जाईल." हे वाक्य तिने ईमेलमध्ये कधीच लिहिलं नाही. कितीही विचारलं तरी लेखी उत्तरात 'मानकांनुसार' हाच शब्द यायचा.

अर्ज केलेला असणं म्हणजे मान्यता असणं नव्हे, हे सीसीएनई स्वतःच सांगते. आणखी एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सीसीएनई बॅचलर्स (बीएसएन), मास्टर्स (एमएसएन), नर्सिंगची डॉक्टरेट (डीएनपी) आणि एनपीसारख्या कामासाठीचं पदव्युत्तर एपीआरएन सर्टिफिकेट या सगळ्यांना वेगवेगळी मान्यता देते. आमच्याच गटातल्या एका केरळच्या नर्सला दुसऱ्या एका कॉलेजने असंच गळाला लावलं होतं. तिथे बीएसएनची मान्यता खरी होती, पण त्याच जोरावर एमएसएनच्या पानावरही तोच लोगो लावून ठेवला होता. तिने निदान वेळेत चौकशी केली म्हणून ती तिथून सुटली, आणि नंतर आमच्या संस्थेत अडकली.

आमच्या हॉस्पिटलच्या एचआरने शिक्षणसाहाय्याचा अर्ज परत पाठवला, कारण संस्था त्यांच्या यादीत नव्हती. त्यावर ॲडव्हायझर म्हणाली, नवीन संस्था यादीत यायला वेळ लागतो, पावत्या जपून ठेवा, मागाहून एकदम मिळतील. केंद्रीय शिक्षणकर्जाच्या फाफ्सा अर्जातही संस्थेचा कोड सापडेना. त्यावर, 'आम्ही मुद्दामच सरकारी कर्जात पडत नाही, म्हणून तर फी कमी ठेवता येते.' प्रत्येक शंकेला तयार उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर ऐकायला पटण्यासारखं होतं. सरकारी मदत घेणाऱ्या विद्यापीठांना व्यावसायिक लायसन्ससाठी आपला अभ्यासक्रम कोणकोणत्या राज्यांत चालतो हे जाहीर करावंच लागतं. सरकारी मदतीपासून दूर राहिलं की त्या बंधनातूनही सुटका होते. ही कमी फी त्यासाठी होती.

अभ्यास मात्र आम्ही खराच केला. याचाच मला जास्त त्रास होतो. नाइट ड्यूटी करून आल्यावर रेकॉर्ड केलेली लेक्चर्स ऐकली, औषधांच्या परस्परक्रिया पाठ केल्या, केस स्टडी लिहून दिल्या. त्यातही एक गोम होती. पॅथोफिजिऑलॉजी आणि फार्माकॉलॉजी त्यांनी एकाच मोठ्या कोर्समध्ये कोंबले होते, 'वेळ आणि पैसा वाचावा म्हणून'. राष्ट्रीय सर्टिफिकेशन देणाऱ्या एएनसीसीची एफएनपी (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर) परीक्षा द्यायची तर प्रगत पॅथोफिजिऑलॉजी, प्रगत फार्माकॉलॉजी आणि प्रगत हेल्थ असेसमेंट हे तीन स्वतंत्र कोर्स झालेले असावे लागतात. म्हणजे उद्या या संस्थेला मान्यता मिळाली असती, तरी आमचं ट्रान्सक्रिप्ट तिथेच अडलं असतं. हे शिकवणाऱ्यांना माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

मग क्लिनिकल आलं. परीक्षेला बसण्यासाठी किमान ५०० तास प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याचे लागतात, एनपी शिक्षणासाठीच्या नॅशनल टास्क फोर्सच्या २०२२ च्या मानकांनी तर आकडा ७५० वर नेला आहे. एफएनपी म्हटलं की बालकं, स्त्रीआरोग्य, प्रौढ, वृद्ध सगळं त्यात आलं. प्रवेशाच्या वेळी 'प्रिसेप्टर (म्हणजे दवाखान्यात हाताखाली घेऊन शिकवणारे डॉक्टर किंवा एनपी) आम्ही मिळवून देऊ' असं सांगितलं होतं. वेळ आल्यावर ते 'प्लेसमेंट सेवा ऐच्छिक आहे' असं झालं आणि प्रत्येक रोटेशनमागे साडेतीन हजार डॉलर मागितले. नाही भरले तर प्रिसेप्टर स्वतः शोधा. ज्यांनी शोधायचा प्रयत्न केला त्यांना कळलं असेल की न्यू जर्सीतले दवाखाने आधीच विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी भरलेले असतात आणि नवख्या संस्थेचं नाव ऐकून ऑफिस मॅनेजर फोनच पुढे देत नाही. मी पैसे भरले. आमच्यातल्या बहुतेकींनी भरले. अर्धी फी आधीच गेलेली असताना कुणीही भरले असते.

ज्या क्लिनिकचं नाव दिलं होतं तिथे ठरल्या तारखेला गेले. फ्रंट डेस्कवरच्या मुलीला काहीच माहीत नव्हतं. ऑफिस मॅनेजर आली, तिने माझं पत्र वाचलं आणि विचारलं, "तुमच्या शाळेचा आमच्याशी ॲफिलिएशन करार कुठे आहे? तुमचा मालप्रॅक्टिस विमा?" दोन्ही नव्हते. पत्रावर ज्या डॉक्टरांची प्रिसेप्टर म्हणून नोंद होती ते तिथून केव्हाच नोकरी सोडून गेले होते. मॅनेजर भली होती, तिने मला आत बसवलं आणि सांगितलं की करार नसताना एखादीने इथे तास केले असते तरी ते तास कुणी धरले नसते.

त्याच आठवड्यात मी सीसीएनईला लिहिलं. उत्तर सरळ आलं: या संस्थेचा कोणताही अभ्यासक्रम मान्यताप्राप्त नाही आणि अर्जही दाखल नाही. न्यू जर्सीच्या नर्सिंग बोर्डाला विचारलं, इथे एनपीला ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्स म्हणतात. त्यांनी सांगितलं की राष्ट्रीय सर्टिफिकेशन असल्याशिवाय एपीएन म्हणून अर्जच करता येत नाही. आणि त्या सर्टिफिकेशनच्या अर्जाबरोबर अभ्यासक्रमाच्या संचालकांनी भरून दिलेला शिक्षणाचा पडताळणी फॉर्म लागतो, त्यात मान्यता, तास, कोर्स सगळं येतं. आपलं अनेक राज्यांत चालणारं कॉम्पॅक्ट आरएन लायसन्स असलं तरी इथे त्याचा उपयोग नाही. ते आरएनच्या कामापुरतं आहे, एनपीसाठी प्रत्येक राज्य वेगळं पाहतं.

बोर्डाने फोनवर माझी जरा कसून चौकशी केली तेव्हा वाईट वाटलं होतं. नंतर कारण कळलं. जानेवारी २०२३ मध्ये 'ऑपरेशन नाइटिंगेल' ही केंद्रीय तपास मोहीम जाहीर झाली, फ्लोरिडातल्या शाळांमधून ७,६०० हून जास्त खोट्या नर्सिंग पदव्या आणि ट्रान्सक्रिप्ट विकली गेल्याचं निघालं, २५ जणांवर आरोप ठेवले गेले. तिथे लोकांनी पदव्या विकत घेतल्या होत्या. आम्ही शिकायला गेलो होतो. पण तेव्हापासून अनोळखी संस्थेचं नाव ऐकताच बोर्ड सावध होतं आणि संशयाची पहिली झळ विद्यार्थ्याला लागते. अशा संस्थेचं ट्रान्सक्रिप्ट पुढे करणं तुमच्या हातातल्या आरएन लायसन्ससाठीही चांगलं नाही.

फी परत मागितली तर कॅटलॉगमधलं कलम दाखवलं: साठ टक्के सत्र झाल्यावर परतावा नाही. प्लेसमेंटचे पैसे 'तिसऱ्या पक्षाला' दिले म्हणून तेही नाहीत. उरलेला हप्ता भरेपर्यंत ट्रान्सक्रिप्ट रोखून धरलं. तीन विद्यापीठांना क्रेडिट्सबद्दल विचारलं, एकानेही एक क्रेडिट घेतलं नाही. क्रेडिट कार्डवरून भरलेल्या प्लेसमेंट फीचा वाद मी बँकेकडे नोंदवला, दवाखान्याच्या मॅनेजरचं पत्र जोडलं आणि ते पैसे परत आले. झेल (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) वापरून पाठवलेले हप्ते गेले ते गेलेच. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच तुमच्या मर्जीने पाठवलेत. 'झेलने भरलेत तर दोन टक्के सूट' ही त्यांची योजना कशासाठी होती ते तेव्हा समजलं.

आता नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना कळकळीने सांगते: मान्यता आहे का हे त्या कॉलेजला विचारूच नका. शिक्षण खात्याचा 'डॅपिप' नावाचा शोध-तक्ता सगळ्यांना खुला आहे, त्यात विद्यापीठ शोधा. सीसीएनई आणि एसीईएनच्या याद्यांमध्ये तुमची नेमकी पदवी, म्हणजे एमएसएन की डीएनपी, आहे का ते पाहा. आपल्या राज्याच्या बोर्डाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. मागच्या बॅचमधल्या किती जणांनी एएनसीसी किंवा एएएनपीची परीक्षा पास केली ते विचारा, चांगली विद्यापीठं हा आकडा स्वतःहून सांगतात. आणि प्रिसेप्टर कोण शोधणार, पैसे कोण देणार, नाही मिळाला तर काय, ही तिन्ही उत्तरं एनरोलमेंटच्या करारात लिहिलेली असल्याशिवाय सही करू नका. फोनवरच्या शब्दाला काडीची किंमत नाही.

ज्या कुणी आत्ता अशा संस्थेत अडकल्या असतील त्यांनी नाव काढून घेण्याचा ईमेल पाठवण्याआधी विद्यार्थी पोर्टलवरून सगळं उतरवून घ्यावं: सिलॅबस, गुण, पावत्या, कॅटलॉगची तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षाची प्रत, ॲडव्हायझरचे सगळे ईमेल. मी नाव काढताच त्याच संध्याकाळी माझं लॉगिन बंद झालं. मग तक्रार तीन ठिकाणी करा: संस्था ज्या राज्यात नोंदलेली आहे तिथल्या उच्चशिक्षण खात्याकडे, त्या राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे. एकट्याने केलेल्या तक्रारीपेक्षा एकाच संस्थेविरुद्ध आलेल्या दहा तक्रारींना वजन असतं, म्हणून आपल्या बॅचमधल्या बाकीच्यांनाही गाठा. आमच्या गटाने तसंच केलं आहे. राज्याच्या खात्याने आमच्याकडून पावत्या मागवून घेतल्या आहेत आणि संस्थेने नवीन प्रवेश तूर्त थांबवले आहेत.