आठ पुलांची डबी
क्योतोतील एका छोट्या दुकानातून ३८,००० येन देऊन आयरिसच्या फुलांच्या नक्षीची, तळहातावर मावेल एवढी डबी घेतली, त्याला आता सहा महिने होत आले. काम माकिए पद्धतीचे आहे. म्हणजे उरुशीने, जपानी लाखेने, चित्र रेखाटायचे आणि ती ओली असतानाच तिच्यावर सोन्याची पूड भुरभुरायची. लाख म्हटले की आपल्याला कीटकापासून मिळणारी राळ आठवते; उरुशी मात्र झाडाचा चीक असून ती दमट हवेतच नीट घट्ट होते.

नक्षीचे मूळ 'इसे मोनोगातारी' या जुन्या जपानी कथाग्रंथाच्या नवव्या प्रकरणात आहे. राजधानी सोडून पूर्वेकडे निघालेला प्रवासी मिकावा प्रांतात यात्सुहाशी, म्हणजे आठ पूल, या जागी थांबतो आणि 'काकित्सुबाता' या तिथल्या आयरिसच्या फुलाच्या नावातील एकेका अक्षराने एकेक ओळ सुरू करून मागे राहिलेल्या पत्नीच्या आठवणीची कविता रचतो; ती ऐकून सोबत्यांचे अश्रू शिदोरीच्या वाळवलेल्या भातावर पडतात व भात फुगतो. जपानी चित्रकार ओगाता कोरिनने हाच प्रसंग दौत-लेखणीच्या पेटीवर घेतला, तेव्हा फुले शिंपल्याची आणि पूल शिशाचे केले. प्रवासी, भात, अश्रू यांतले काहीच दाखवले नाही. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयातील त्या पेटीसारख्या नक्षीला 'रुसु मोयो' म्हणतात. रुसु म्हणजे घरात नसणे. कथा ठाऊक असलेल्याने माणूस मनात आणावा.

माझ्या डबीचे झाकण ही शिस्त पाळते. पूल झाकणाच्या कडेवरून बाजूला उतरतो आणि डबी फिरवल्याशिवाय तो कुठे पोचला ते कळत नाही; पाकळ्या दिव्याखाली निळ्या, तर खिडकीपाशी हिरवट-गुलाबी दिसतात. झाकण उघडले की मात्र आत उंच टोपीचा दरबारी ऐटीत बसलेला सापडतो, आणि भिंगाखाली त्याच्या बाह्या सोनेरी ठिपक्यांच्या जाळीने छापलेल्या निघतात. विचारल्यावर विक्रेत्याने ते मान्य केले. आधी सांगितले असते, तर आतून निव्वळ काळी डबी मागितली असती.

जपानमध्ये जेवणाच्या व स्वयंपाकाच्या लाखी भांड्यांवर आतले साहित्य आणि वरचा लेप यांची नोंद कायद्याने करावी लागते, पण शोभेच्या वस्तूंबाबत लाकूड की प्लास्टिक, उरुशी की युरेथेनचा कृत्रिम लेप, आणि नक्षी हाताची की छापील, हे आपणच विचारून घ्यावे. माझ्या डबीचे लाकूड व उरुशी दोन्ही खरे आहेत. उन्हाने उरुशीची चमक जाते, म्हणून ती कपाटात ठेवली आहे, झाकण लावून.