जुना चेन डोझर घेताना आमची कशी फसवणूक झाली, नीट वाचा

शेतातल्या कामाला जुना डोझर नाहीतर कुठलंही चेनचं मशीन घ्यायचा विचार करत असाल तर टोकन द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा. मोठं आहे पण वाचा, कारण आमचे जे पैसे गेले ते दोन भावांच्या संसारातले होते, त्यात वहिनीचं सोनं गहाण ठेवून आणलेले पण होते.

आम्ही आटपाडी तालुक्यातले. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून आमच्याकडं माळ फोडायचं काम वाढलंय, जिथं कुसळं सोडून काय येत नव्हतं तिथं आता लोक डाळिंब लावायला बघतात, पण त्याआधी दगड काढायचा, मुरूम फोडायचा, रान एका लेव्हलला आणायचं. जेसीबीनं ते होतं पण वेळ लई लागतो आणि कडक मुरमात टायर नुसते फिरतात. त्यासाठी चेनचा डोझर पाहिजे, पुढं माती ढकलायचं ब्लेड आणि मागं जमीन फोडायचा रिपर. आमच्या डोक्यात डी-५० होता. बीईएमएल ही १९६४ साली सुरू झालेली सरकारी कंपनी, तिचं हे मशीन जुनं, साधं, इलेक्ट्रॉनिक भानगड नाही, पार्ट मिळतात आणि गावातला मिस्त्री पण खोलू शकतो. मशीनबद्दल माझी आजही तक्रार नाही, तक्रार आहे ती विकणाऱ्यांची.

एका दलालाकडून फोटो आले. मशीन पुण्याच्या बाजूला हायवेलगतच्या एका यार्डात उभं होतं, पिवळंधमक, चेन काळीभोर रंगवलेली, मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या अवर मीटरवर चार हजाराच्या आतला आकडा. मालक कॉन्ट्रॅक्टर आहे, रस्त्याचं काम संपलं म्हणून विकतोय असं सांगितलं. भाव ११ लाखांच्या आसपास ठरला. आम्ही बरोबर ओळखीचा ऑपरेटर घेऊन गेलो होतो, मशीन चालवून बघितलं, ब्लेड वरखाली केलं, दोन्ही बाजूला वळवलं, सगळं ठीक. कागद म्हणून मूळ खरेदी बिलाची झेरॉक्स, फायनान्स कंपनीच्या लेटरहेडवर कर्ज फिटल्याची एनओसी आणि ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेला विक्री करार दिला. बरीचशी रक्कम आरटीजीएस केली, बाकीची रोख मागितली आणि रोख रकमेची पावती उद्या देतो म्हणाले, ती आजपर्यंत आली नाही.

मशीन लोबेडवरून, म्हणजे जड मशीन नेणाऱ्या ट्रेलरवरून, गावात आलं तेव्हा शिमगा झाला होता. आमच्याकडं या कामाचा सीझन म्हणजे रब्बी निघाल्यापासून मृगापर्यंत, त्यामुळं लगेच तयारीला लागलो. सगळे फिल्टर बदलले, रेडिएटर साफ केला, रिपरचे टोक नवीन बसवले, ब्लेडची खालची कटिंग एज उलटी करून लावली, ग्रीस मारलं, उन्हासाठी वर पत्र्याचं छत केलं. यात पण बरेच पैसे गेले. आणि पहिल्या रानात मशीन उतरवलं.

खरा प्रकार तिथं बाहेर यायला लागला. सकाळी थंडीत तास दोन तास मशीन बरं चालायचं, ऊन वाढलं आणि इंजिन तापलं की इंजिनच्या ब्रीदरमधून (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) धूर, ऑइलची टोपी उघडली की आतून भकाभका वाफा, म्हणजे पिस्टन रिंग संपलेल्या. यार्डात हे का दिसलं नाही तर इंजिनमध्ये मुद्दाम जाड ऑइल भरलेलं होतं आणि आम्ही पोचायच्या आधीच मशीन चालू करून ठेवलं होतं, ‘तुमच्यासाठी गरम करून ठेवलंय’ असं म्हणाले होते. थंड इंजिन किती वेळ घेऊन चालू होतं हे आम्हाला बघूच दिलं नाही. नंतर सकाळी सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसायची. दुसरं म्हणजे ब्लेडवर लोड आला की मशीन आपोआप डावीकडं ओढायचं, डाव्या चेनला ताकद देणारा स्टिअरिंग क्लच घसरत होता. मोकळ्या सपाट जागेवर हे कुणालाच कळत नाही, कारण तिथं क्लचवर ताणच येत नाही, माती ढकलल्याशिवाय हा दोष दिसत नाही.

पण खरा धक्का चेनचा. एक दिवस चेन स्प्रॉकेटवर, म्हणजे ती फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, कटकट आवाज करायला लागली म्हणून मिस्त्रीला बोलावलं. त्यानं डिझेलचा बोळा घेऊन स्प्रॉकेटचे दात पुसले आणि आम्हाला बोलावून दाखवलं. दाताच्या टोकाला वेल्डिंगचा थर होता, ग्राइंडरनं घासून गोल केलेला आणि वरून काळा रंग. मुरमात आठवडाभर काम केल्यावर तो थर खपल्यासारखा सुटत होता आणि खाली खरा दात निघाला, झिजून पार टोकदार झालेला. मग त्यानं बुश, म्हणजे कड्या जोडणाऱ्या पिनांवरच्या नळ्या, बघितले. चेनचे पिन-बुश एका बाजूनं झिजले की काढून उलटे करून बसवतात, ती रीतसर पद्धत आहे, त्यात गैर काही नाही, पण आमचे एकदा उलटे होऊन दुसऱ्या बाजूनं पण संपले होते. आणि एवढी लांबलेली चेन यार्डात ताठ कशी दिसत होती? त्यानं दोन्ही बाजूचे शू, म्हणजे चेनवरच्या लोखंडी पट्ट्या, मोजले, मॅन्युअलमध्ये आहेत त्यापेक्षा दोन्हीकडं एकेक कमी. चेनमधली एक एक कडी काढून टाकली होती, म्हणून आयडलर (चेन पुढं ज्या चाकावरून फिरते ते) मागं आल्यासारखा वाटत होता आणि चेन ताणायच्या ग्रीसच्या ॲडजस्टरला अजून बरीच जागा शिल्लक आहे असं दिसत होतं. चेनवर मशीनचं वजन पेलणारे खालचे रोलर पण सीलमधून ऑइल सोडत होते, ते डिझेलनं धुऊन त्यावर काळा रंग मारलेला, काम सुरू झाल्यावर प्रत्येक रोलरखाली ओला ओघळ दिसायला लागला.

चेनच्या मशीनच्या मेंटेनन्सचा जवळपास निम्मा खर्च या खालच्या भागावरच होतो असं मशीन बनवणारे स्वतः सांगतात. म्हणजे चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट संपलेलं मशीन हे अर्ध्या किमतीचं पण नसतं, आणि ज्यानं रंग मारला त्याला हे चांगलं माहीत होतं. एक कडी काढणं, वेल्डिंग करून दात घासणं, हे काही सहज होत नाही, ते करायला माणूस बसवून दोन-चार दिवस घालवावे लागतात. ठरवून केलेली फसवणूक आहे ही.

तरी आम्ही म्हटलं, पैसे गेलेत, आता मशीन दुरुस्त करू आणि कामातून काढू. बुश आणि रोलर मागवले, काम थांबलं, लोकांची शब्द दिलेली रानं राहिली. तेवढ्यात फायनान्स कंपनीची माणसं लोबेड घेऊन दारात आली.

त्यांच्या हातात आमच्याच डोझरचा फोटो होता, पण नंबर वेगळा. आम्ही बिल दाखवलं, मशीनवरची प्लेट दाखवली, दोन्ही जुळतात म्हणून सांगितलं. त्यांच्यातल्या एका वयस्कर माणसानं काही न बोलता प्लेटचे रिवेट बघितले, ते नवीन होते. मग त्यानं वायर ब्रश मागितला आणि फ्रेमच्या बाजूला एका जागी घासायला सुरुवात केली. रंग गेला, खाली पुटी निघाली, पुटी गेली आणि लोखंडात ठोकलेला नंबर वर आला. तो त्याच्या कागदावरचा नंबर होता. आमच्या मशीनवरची प्लेट कुठल्यातरी भंगारात गेलेल्या डोझरची काढून लावलेली होती आणि बिलाची झेरॉक्स पण त्याच भंगारातल्या मशीनची. एनओसीवर जो फोन नंबर होता तो लावला तर बंद. कंपनीच्या खऱ्या शाखेत विचारलं तर अशी एनओसी त्यांनी दिलेलीच नाही.

आता यातली एक गोष्ट बऱ्याच शेतकऱ्यांना माहीत नसते. जेसीबीला टायर आहेत म्हणून आरटीओची नोंद असते, आरसी असते, त्यावर कर्ज असलं तर दिसतं, मोबाइलवर नंबर टाकून पण बघता येतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत बांधकामाच्या वाहनाची जी व्याख्या आहे त्यात रबरी टायर, रबर पॅड किंवा स्टील ड्रमची चाकं असलेली मशीनं येतात, लोखंडी चेनवर चालणारी त्यात बसत नाहीत. त्यामुळं डोझर, पोकलेन, चेन लोडर यांना सहसा आरसीच नसते. जमिनीवरचा बोजा जसा सातबाऱ्याच्या इतर हक्कात दिसतो तसं या मशीनवर कुठंच काही दिसत नाही, मालकी म्हणजे फक्त मूळ बिल. आणि ही टोळी बरोबर याच जागेवर खेळते. पण तपासायला अजिबात मार्ग नाही असं नाही. सरसाई (CERSAI) म्हणून केंद्राची रजिस्ट्री आहे, बँका आणि फायनान्स कंपन्या तारण घेतलेल्या मालमत्तेची नोंद तिथं करतात आणि थोडी फी भरून कुणालाही तिथं शोध घेता येतो. विकणारा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनीवरचे चार्ज, म्हणजे कर्जाचे बोजे, कंपनी मंत्रालयाच्या (एमसीए) साइटवर दिसतात. एनओसी असेल तर त्यावर छापलेल्या नंबरवर फोन करू नका, त्या कंपनीच्या शाखेत स्वतः जा आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर दाखवून विचारा. आणि बिलाची झेरॉक्स कुणी दिली तर मूळ बिल बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, ओरिजिनल गहाळ झालंय म्हणाला तर तिथंच उठा.

वकील म्हणाले की ज्याच्याकडं विकायचा हक्कच नाही त्याच्याकडून घेणाऱ्याला पण हक्क मिळत नाही, १९३० च्या माल विक्री कायद्यापासून हेच चालत आलंय. म्हणजे आम्ही पैसे मोजले, फिल्टर टाकले, छत केलं, रिपरला टोकं लावली आणि मशीन त्यांच्या लोबेडवर चढून गेलं. ज्याचं कर्ज होतं तो कॉन्ट्रॅक्टर हप्ते थकवून गायब, दलाल म्हणतो मी फक्त मध्ये होतो.

पोलिसांनी आधी दिवाणी मॅटर आहे म्हणून परत पाठवलं. हे पण लक्षात ठेवा, खोटी प्लेट आणि खोटी एनओसी हा दिवाणी मॅटर नाही. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८(४) आहे, बनावट कागदाची कलमं वेगळी आहेत. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली एसपींना लेखी अर्ज पोस्टानं पाठवता येतो, आम्ही तसाच पाठवला, त्यानंतर गुन्हा दाखल झाला. आरटीजीएस केलेली रक्कम कुठल्या खात्यात गेली हे लगेच निघालं, रोख दिलेल्या रकमेचा पुरावा म्हणजे फक्त फोनवरचं बोलणं आणि आमच्या ऑपरेटरचा जबाब. ज्या मिस्त्रीनं दात पुसून दाखवले त्यानं पण जबाब दिलाय, त्याचे आभार मानावे तेवढे थोडे.

जे मशीन बघायला जातील त्यांना आमच्या मिस्त्रीनं सांगितलेलं जसंच्या तसं सांगतो. न सांगता सकाळी लवकर जा, एक्झॉस्टला हात लावून बघा, गरम असेल तर दुपारपर्यंत तिथंच बसा, थंड झाल्यावर स्वतः चालू करायला लावा. नंतर निदान तासभर खरी माती ढकलून बघा, यार्डवाला जागा नाही म्हणाला तर जिथं जागा आहे तिथं न्यायला सांगा, लोबेडचं भाडं गेलं तरी चालेल. ब्लेड खाली दाबून मशीनचं तोंड उचलून बघा, ब्लेड हवेत धरून इंजिन बंद करा आणि किती वेगानं खाली येतं ते बघा. फायनल ड्राइव्हचा (स्प्रॉकेट फिरवणारे गिअर) ऑइल प्लग खोलायला लावा, ऑइल दुधासारखं असेल तर आत पाणी गेलंय, चमचम दिसली तर गिअर संपलेत. ‘आत्ताच सगळं ऑइल बदललंय’ म्हणाला तर खूश होऊ नका, जुन्या ऑइलमध्येच तर आतली झीज दिसते. शू मोजा. चेन ताणून चार कड्यांचं अंतर टेपनं मोजा आणि मॅन्युअलशी जुळवा. अवर मीटर बघू नका, ब्रेकचं पॅडल आणि लिव्हरच्या मुठी बघा, चार हजार तासात पॅडलचं रबर लोखंडापर्यंत झिजत नाही. आमचं झिजलेलं होतं. आणि रंग एकदम नवा असेल तर खिशात सॅंडपेपर घेऊन जा, जिथं नंबर ठोकलेला असतो तिथला रंग काढायला परवानगी मागा. चांगला विकणारा नाही म्हणणार नाही.

केस कोर्टात आहे. सोन्याचं व्याज चालू आहे आणि भाऊ आता दुसऱ्याच्या पोकलेनवर ऑपरेटर म्हणून जातो. तो दलाल मात्र नंबर बदलून परत चालू झालाय, गेल्या आठवड्यात सांगोल्याच्या एका पाहुण्याला त्यानं ताज्या पिवळ्या रंगातल्या डी-५० चे फोटो पाठवले आणि कारण पण तेच सांगितलं, रस्त्याचं काम संपलंय म्हणून. पाहुण्यानं स्क्रीनशॉट आम्हाला दिले, ते आम्ही तपास अधिकाऱ्यांकडं जमा केलेत. तुमच्याकडं असे फोटो आले असतील आणि मूळ बिल द्यायला टाळाटाळ होत असेल तर मेसेज डिलीट करू नका, जवळच्या ठाण्यात दाखवा.