मॅडमला पाच स्टार, फॉर्मला एक: आमच्या कॉलेजचा समुपदेशन कक्ष

कॉलेजचं नाव टाकत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज आहे एवढं पुरे, कारण नाव टाकलं की मी कोण हे तिकडच्या माणसाला एसटी स्टँडवरून कॉलेजात पोहोचेपर्यंत समजून जाईल, अन् मला जे सांगायचं आहे ते याच गोष्टीबद्दल आहे. मी बीएस्सी फायनलला आहे, वर्गात आम्ही ३४ जण, गावातून रोजचं येणं-जाणं. मागच्या दीड वर्षात मी समुपदेशन कक्षात नऊ वेळा गेली, त्यामुळे ऐकीव काही लिहून राहिली नाही.

आधी समुपदेशन करणाऱ्या मॅडमबद्दल. मंगळवारी अन् शुक्रवारी अमरावतीवरून येतात, फी नाही. आमचं सोयाबीन लागोपाठ दोनदा हातचं गेलं, घरात पीक कर्जाचं टेन्शन, रात्र-रात्र झोप नाही अन् प्रॅक्टिकलला माझे हात थरथरायचे, तेव्हा मैत्रिणीनं हाताला धरून नेलं. मला वाटलं बसल्याबसल्या विचारतील काय झालं म्हणून. त्यांनी आधी दार लावलं, पंखा मोठा केला (आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, हे मला तिसऱ्या वेळी समजलं) अन् म्हणाल्या, "तू इथं जे बोलशील ते माझ्याजवळ राहील. तुझ्या नाहीतर दुसऱ्या कोणाच्या जीवाला धोका आहे असं वाटलं तरच मला कोणाला तरी सांगावं लागेल, अन् तेव्हाही सांगायच्या आधी तुला विचारात घेईन." मग वही काढली. वहीवर माझं नाव नाही, नुसता नंबर. कोणता नंबर कोणाचा ती यादी वेगळ्या पाकिटात, पाकीट कपाटात, चावी त्यांच्या पर्समध्ये. लिहायच्या आधी विचारलं, लिहून झाल्यावर वही माझ्याकडे फिरवली. बाबांबद्दलचं एक वाक्य मला नको होतं, मी म्हटलं हे काढा मॅडम, त्यांनी तिथल्या तिथं पेन फिरवलं. मला खरं सांगते, त्या दिवशी मी बोलू शकली ते त्या फिरवलेल्या पेनामुळे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क लिहिलेलाच आहे, हे नंतर त्यांनीच सांगितलं. म्हणजे त्या काही उपकार करत नव्हत्या, नियमानं वागत होत्या, पण नियमानं वागणारा माणूस समोर बसला की किती बरं वाटते ते तुम्ही गेल्याशिवाय नाही समजणार.

आता फॉर्म. या वर्षी जुलैत सगळ्या वर्गांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल फॉर्मची लिंक आली, मानसिक स्वास्थ्य सर्वेक्षण, सगळ्यांनी भरणं कंपल्सरी, नाही भरला तर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. त्यात नाव, रोल नंबर, गाव, कॅटेगरी, आधार नंबर, वडिलांचा धंदा, उत्पन्न, पालकांचा मोबाईल, अन् त्याच्याच खाली ते पीएचक्यू-नाईनचे, म्हणजे नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीचे नऊ प्रश्न. मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप कशी, भूक कशी, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, टोटल २७. नववा प्रश्न मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का हा. आधार नंबर अन् हा प्रश्न एकाच फॉर्मवर! आधार कशाला पाहिजे होता ते ऑफिसात दोघांना विचारलं, दोघांनीही सांगितलं की स्कॉलरशिपच्या फॉर्मवरून वरचा भाग कॉपी केला होता.

मी भरला, सबमिट केला, अन् खाली 'सी प्रीव्हियस रिस्पॉन्सेस' अशी लिंक दिसली. दाबली तर सगळ्यांची उत्तरं. गूगल फॉर्मच्या सेटिंगमध्ये भरणाऱ्यांना निकालाचा सारांश दाखवायचं एक बटण असते, ते चालू राहिलं होतं. त्यात प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरांची यादी येते, म्हणजे कोणतं उत्तर कोणाचं ते सरळ जुळत नाही, अन् आमचे एक सर नंतर तेच म्हणाले की अगं नावासमोर काही दिसत नाही ना मग झालं काय. झालं हे सर, की 'तुम्हाला कशाचा त्रास होतो' याच्याखाली एकानं लिहिलं होतं की बोअरला दोनदा पाणी लागलं नाही अन् आता वावर गहाण आहे. ते वाचल्याबरोबर मला घर समजलं. मी काही फार हुशार नाही, आमच्या सगळ्या गावांना माहीत असते कोणाच्या बोअरला पाणी नाही लागलं ते.

शहरातल्या कॉलेजात नाव काढलं म्हणजे माणूस लपत असेल. आमच्याकडे गाव, कॅटेगरी अन् वर्ग एवढ्या तीन गोष्टी ठेवल्या तरी बहुतेक वेळा एकच जण उरतो, अन् बाकीचे त्याला त्याच्या बाबांच्या नावानं ओळखतात. क्लर्क कोणाचा तरी मामा लागतो, लॅब असिस्टंट कोणाचा तरी शेजारी, पानठेल्यावर सगळे एकत्रच उभे असतात. इथं कागद फुटला म्हणजे कुठल्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर जात नाही, आजीच्या कानावर जाते, सोयरीक पाहायला आलेल्यांच्या कानावर जाते.

अन् ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आला ते वेगळंच आहे. नवव्या प्रश्नाला कोणी तीनवर टिक केली असेल तर ती पाहणारं कोणीच नव्हतं. मॅडमना त्या शीटची लिंक सप्टेंबरात मिळाली. वर्गशिक्षकांना, ऑफिसला, फाईल करणाऱ्यांना आधी मिळाली. म्हणजे ज्यांना पाहायची गरज नव्हती ते पाहत होते अन् जिला लगेच फोन करता आला असता तिच्यापर्यंत दोन महिने काही गेलंच नाही. विचारायचं असेल तर त्याच दिवशी कोणीतरी वाचलं पाहिजे, नाहीतर हा प्रश्न पोरांना विचारूच नका.

माझ्या घरी काय झालं तेही लिहिते. फॉर्ममधल्या पालकांच्या मोबाईलवर ऑफिसनं मेसेज लावला, उद्या ११ वाजता समुपदेशन कक्षात आपल्या पाल्याची वेळ आहे. बाबांना वाचता येते पण चष्मा नव्हता म्हणून त्यांनी फोन कृषी केंद्रात बसलेल्या एका पोट्ट्याला दिला अन् त्यानं चारचौघात मोठ्यानं वाचला. संध्याकाळी घरी आली तर माय चुलीजवळ गप्प बसलेली. "काय झालं तुले? काहून सांगतलं नाही आमाले?" एवढंच म्हणाली. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, मग एक दिवस स्वतः एसटी स्टँडवर सोडायला आले. ते रागावले नव्हते, घाबरले होते, हे मला नंतर समजलं, पण ही गोष्ट त्यांना मीच सांगायची होती, माझ्या वेळेनं. तो मेसेज पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं हे मी मानते. तरी ती गोष्ट माझी होती.

फोटोंचं पण आहेच. नॅकच्या (कॉलेजला ग्रेड देणारी संस्था) फाईलला लावायचे म्हणून कक्षात बसलेल्या मुलींचे जीपीएस मॅप कॅमेऱ्यानं फोटो काढले, खाली तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश सगळं छापून. मॅडमनी दार लावून घेतलं अन् फोटोवाल्याला बाहेर काढलं, त्यांच्यासमोर एकही निघाला नाही, पण मंगळवार-शुक्रवार सोडून इतर दिवशी निघाले.

ऑगस्टमध्ये आम्ही तिघींनी प्राचार्यांना अर्ज दिला. मागण्या साध्याच होत्या, आधार काढा, सारांशाचं बटण बंद करा, घरच्या नंबरवर मेसेज बंद करा, शीट फक्त मॅडमना द्या, फोटो काढून टाका. सोबत सुप्रीम कोर्टाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाची बातमी जोडली, नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हटलेला तो. त्या नवांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते हे आम्ही मुद्दाम अंडरलाईन केलं. प्राचार्य सर रागावतील वाटलं होतं, तसं झालं नाही. त्यांनी अर्ज वाचला, दोनदा वाचला, अन् ते बटण त्याच दिवशी बंद झालं. बाकीच्याला दिवाळीपर्यंत वेळ लागला, पण झालं, शीट आता फक्त मॅडमकडे असते अन् नवीन फॉर्ममध्ये तीनच गोष्टी आहेत, कुठला नंबर, त्यावर निरोप द्यायचा का नाही, अन् कोणता वार. ज्यांना ऑनलाईन नको त्यांच्यासाठी लायब्ररीत चिठ्ठीची पेटी आहे. खोलीसुद्धा बदलली, आधी एसटी पासच्या लाईनसमोर होती, आता लायब्ररीच्या मागच्या जिन्यानं वर.

दोन गोष्टी अजून अडकल्या आहेत म्हणून पूर्ण मार्क देत नाही. जुनी शीट डिलीट केली असं तोंडी सांगितलं, लिहून मागितलं तर अजून दिलं नाही, अन् ती शीट कोणी कोणी डाऊनलोड करून ठेवली होती याची यादी कोणाकडेच नाही. फोटोंचंही तसंच, फाईलमधून निघाले म्हणतात पण काढणाऱ्याच्या फोनमध्ये आहेत का ते कोणी पाहिलं नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. त्यात आपली माहिती पुसून मागायचा हक्क आहे, अन् संमती घेतानाची सूचना मराठीत मागता येते. आमचा फॉर्म पूर्ण इंग्रजीत होता, आर्ट्सच्या कित्येक पोरींनी काय विचारलं ते न समजता टिका केल्या. मुदत आहे म्हणून तोपर्यंत थांबायचं असं कुठं आहे, आमचं बटण तर एका दिवसात बंद झालं ना.

मॅडम तशाच आहेत, चांगल्या. मला आता झोप लागते. ज्यांना जायचं आहे त्यांनी जा, फॉर्मपायी थांबू नका. फॉर्ममध्ये स्वतःचा नंबर टाका, स्वतःचा नसेल तर 'निरोप नको' वर टिक करून चिठ्ठी पेटीत टाका, मॅडम वार ठरवून चिठ्ठीवरच नंबर देतात. त्यांचे दोन वार सोडून रात्री-बेरात्री जीव घाबरला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ आहे, २४ तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. घरच्या फोनवरून लावला तर नंतर कॉलच्या यादीतून तो नंबर काढून टाका.