गेटहोस्टनेम आणि गेटहोस्टबायनेम: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. काम एवढंच की प्रत्येक मशीनवर बसायचं आणि दर पाच मिनिटांनी सर्व्हरला कळवायचं, मी अमुक मशीन, माझा पत्ता हा, डिस्क इतकी भरलीय. डिस्कचं पहिल्याच दिवशी जमलं. नाव आणि पत्ता या दोन रकान्यांनी मात्र अजून पिच्छा सोडलेला नाही.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, नेटवर्कसाठीच्या सॉकेट मॉड्यूलचं गेटहोस्टनेम हे मशीनचं नाव सांगणारं फंक्शन चालवायचं, जे नाव येईल ते नावावरून पत्ता सांगणाऱ्या गेटहोस्टबायनेमला द्यायचं, झालं काम. माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर मस्त चाललं. मग उबुंटूच्या मशीनवर टाकलं आणि सर्व्हरवर बघतो तर पत्त्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १२७.०.१.१, १२७.०.१.१, १२७.०.१.१. १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे मशीन स्वतःशीच बोलायला वापरतं तो, बाहेरच्याला त्याचा उपयोग शून्य. अर्धा दिवस स्वतःचाच कोड उसवत बसलो, शेवटी वैतागून होस्ट्स फाईल (कुठल्या नावाचा पत्ता कुठला, याची मशीनवरच ठेवलेली यादी) उघडली तर पहिल्या ओळीत १२७.०.०.१ आणि लोकलहोस्ट, दुसऱ्या ओळीत १२७.०.१.१ आणि त्याच्यापुढे चक्क मशीनचं नाव. डेबियन, उबुंटूवाले इन्स्टॉल करतानाच ही ओळ घालून ठेवतात, नेटवर्क नसलं तरी मशीनला स्वतःचं नाव सापडावं म्हणून. म्हणजे फंक्शन खोटं बोललंच नव्हतं. मी विचारलं या नावापुढे काय लिहिलंय, त्याने वाचून दाखवलं.

विंडोजवरचं सुखही टिकलं नाही म्हणा. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत बनावट मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं आणि पत्ता एकदम १९२.१६८.५६.१ यायला लागला, जो त्याच्या बनावट नेटवर्क कार्डाचा. शिवाय गेटहोस्टबायनेमला फक्त आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते कळतात, आणि पॉसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या मानकाने २००८ च्या आवृत्तीत ते काढूनही टाकलंय, त्याच्या जागी गेटअ‍ॅड्रइन्फो वापरा म्हणतात. पण होस्ट्स फाईल तेही वाचतंच, त्यामुळे माझं दुखणं तिथेही तसंच राहिलं.

मग पीएसयूटिल (मशीनची माहिती देणारी पायथनची लायब्ररी) घेतलं. ते सगळ्या कार्डांची यादी देतं आणि यादी अगदी बरोबर असते, तक्रार नाही. पण एका मशीनवर लूपबॅक (स्वतःशीच बोलायचं कार्ड), वायर, वायफाय, प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या डॉकरचा १७२.१७.०.१, व्हीपीएन आणि वर एफई८० ने सुरू होणारे आयपीव्ही६ चे, म्हणजे नव्या लांब पद्धतीचे पत्ते, यातला "मशीनचा पत्ता" कुठला? मी आपलं हे वगळ, ते वगळ करत इफवर इफ चढवत गेलो आणि दर महिन्याला कुठलं तरी नवीन कार्ड येऊन त्यावर पाणी फिरवायचं.

तिसऱ्या महिन्यात यूडीपीची (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवायची पद्धत) युक्ती कळली. यूडीपी सॉकेट उघडायचा, बाहेरच्या कुठल्याही पत्त्याला कनेक्ट करायचा आणि गेटसॉकनेम, म्हणजे सॉकेटचा आपल्या बाजूचा पत्ता विचारायचा. कनेक्ट म्हटल्यावर मला वाटलं काहीतरी बाहेर जाणार, म्हणून बाजूला जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं टीसीपीडंप लावून बसलो, तर एक पॅकेट हललं नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, फक्त राउटिंग टेबल बघतं, इकडे जायचं तर कुठल्या कार्डावरून निघावं लागेल ते ठरवतं आणि त्या कार्डाचा पत्ता हातात ठेवतं. इफची सगळी जत्रा त्या दिवशी पुसली. कटकट एकच, मशीन चालू होताना नेटवर्क यायच्या आधी प्रोग्राम उठला तर नेटवर्क अनरीचेबल म्हणून आपटतो. आणि पत्ता सुरुवातीला एकदाच घेऊन ठेवला तर लॅपटॉप वायरवरून वायफायवर गेला तरी रकान्यात जुनाच पत्ता, म्हणून आता दर वेळी नव्याने विचारतो.

नावाचं म्हणाल तर गेटहोस्टनेम बिचारं साधं आहे, जे ठेवलंय ते सांगतं. पण डॉकरमध्ये बारा अक्षरी आयडी सांगतं आणि नवा कंटेनर आला की नवं नाव. एकाच डिस्क इमेजवरून दोन मशीन उभी केली होती, दोघांचं नाव एकच, त्यामुळे सर्व्हरवर एकाच ओळीत डिस्क कधी ३० टक्के तर कधी ९१. मी भूत शोधत होतो. विंडोजवर कॉम्प्युटरनेम हे व्हेरिएबल वाचू नका, ते १५ अक्षरांवर नाव कापतं. गेटएफक्यूडीएन मी काढूनच टाकलं, कारण ते मशीनचं पूर्ण नाव शोधायला डीएनएसकडे (नावं आणि पत्ते जुळवून देणारा सर्व्हर) जातं आणि डीएनएस बंद असला की प्रोग्राम तिथेच खोळंबतो.

इंटरनेटवर दिसणारा पत्ता का नाही दाखवत असं मला बरेच जण विचारतात. मशीनला तो माहीतच नसतो, राउटर बाहेर जाताना पत्ता बदलतो, त्यालाच नॅट म्हणतात, बाहेरच्या कुणाला तरी विचारावंच लागतं.

सध्या यूडीपीही सोडलंय. माझा प्रोग्राम तसाही सर्व्हरशी टीसीपीने, म्हणजे आधी जोडणी करून, बोलतोच ना, मग त्याच सॉकेटवर गेटसॉकनेम विचारतो आणि सर्व्हर आपल्या बाजूने गेटपिअरनेम, म्हणजे त्याला समोरून दिसलेला पत्ता लिहितो. दोन्ही पत्ते वेगळे दिसले की मध्ये नॅट आहे हे न विचारता कळतं. हे आधीच का सुचलं नाही देव जाणे. गेल्या आठवड्यात एका मशीनचा पत्ता अर्धवट दिसायला लागला तेव्हा परत पोटात गोळा आला, पण निघालं काय तर ते मशीन आयपीव्ही६ वरून आलं होतं आणि रकाना मीच १५ अक्षरांचा ठेवला होता. आता ४५ केलाय.