पिकअप घेताना: मोठे इंजिन की छोटे?

चोइथराम मंडीतून माल उचलणाऱ्या आपल्या इंदूरकरांना नवी पिकअप घ्यायची झाली, की निवड बहुधा महिंद्राची बोलेरो पिकअप आणि टाटाची इन्ट्रा व्ही ५० यांच्यापाशी येऊन अडते. कागदावर ताकद जवळजवळ सारखी आहे, पहिलीची सुमारे ७५ आणि दुसरीची ८० अश्वशक्ती. परंतु बोलेरो ती २५२३ सीसीच्या इंजिनातून काढते, तर इन्ट्रा १४९६ सीसीच्या. टिकाऊपणाचा विचार इथूनच सुरू करावा.

लहान इंजिनाकडून तेवढेच काम करून घ्यायचे, तर टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपाचा) दाब अधिक ठेवावा लागतो आणि प्रत्येक सिलिंडरवर उष्णतेचा व दाबाचा भार वाढतो. सपाट रस्त्यावर, ठरलेल्या वजनात हे जाणवतही नाही. मात्र बऱ्हाणपूरची केळी भरून मे महिन्यात भेरूघाट चढताना इंजिन खालच्या गिअरमध्ये बराच वेळ तापत राहते, आणि कूलंट कमी असेल किंवा ऑइल बदलायला उशीर झाला असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचे सील) व टर्बोची बेअरिंग यांना त्याची किंमत मोजावी लागते. इन्ट्रा खेचण्यात कमी नाही. तिचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, २२० न्यूटन-मीटर, म्हणजे बोलेरोपेक्षा थोडा जास्तच आहे. तरीही आठवड्यातून तीन-चार वेळा घाट असेल आणि वजन काट्यावर कधी तंतोतंत बसत नसेल (कोणाचे बसते?), तर मी बोलेरोच घेईन.

शहरात पारडे फिरते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) लागला, आणि ती काजळी जाळण्यासाठी धूर चांगला गरम असावा लागतो. मंडी ते सियागंज अशा छोट्या, थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांत अर्धी रिकामी गाडी चालवली, तर मोठे इंजिन थंडच राहते आणि फिल्टर लवकर भरतो. लहान इंजिन त्याच कामात तुलनेने गरम राहते, म्हणून तिथे इन्ट्रा बरी. अर्थात तिलाही अधूनमधून बायपासवर अर्धा तास एकसारख्या वेगाने पळवावेच लागेल.

जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे, आणि चालू इंजिनावर ऑइलचे झाकण सैल करून आतून धूर जोराने येतो का, ते पाहावे; येत असेल, तर इंजिन आतून झिजलेले समजावे.